परत केलेलं पिल्लू

ग्राहक कायद्याचं मला विचारा. मी त्यात जिंकलेय, आणि अजून जळतेय!

झालं असं, आमच्या नवऱ्याच्या चुलत बहिणीनं, रेखानं, पांढरं पामेरियन कुत्र्याचं पिल्लू आणलं. येणारा-जाणारा तिचंच कौतुक करायचा. मला काही राहवेना. तळेगावच्या जनावरांच्या बाजारातून, रेखानं घेतलं त्याच माणसाकडून मीही एक आणलं. दुसऱ्याच दिवशी ते खाईना, नाकाडोळ्यांतून पाणी. डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाले, "आजार आधीपासूनचाच आहे."

पुढच्या बाजारी मी रेखाला घेऊन गेले. पिल्लू तिच्याच कडेवर दिलं. मी चाचरत म्हटलं, "मामा, तुम्ही आजारी पिल्लू विकलंत. मी ग्राहक मंचात जाईन."

"कुठं बी जा!" तो असा ओरडला की मी रेखाच्या मागेच लपले.

रेखा शांतपणे म्हणाली, "मामा, बैलाला खोड निघाली तर परत घेता ना? मग ह्याला का न्हाई?"

शेजारचे बैलवाले हसले. "बरोबर हाय पोरीचं!"

मामा वरमला. "घ्या बदलून. पर ते आजारी मी सांभाळायचो न्हाई."

"मग मी नेते," रेखा म्हणाली.

बदलून आणलेलं पिल्लू ठणठणीत आहे, फक्त मला बघितलं की भुंकतं. आणि ते आजारी? बरं होऊन रेखाच्या मागं मागं फिरतं, तिच्याच हातून खातं. आता तर तिचं दुप्पट कौतुक!

सांगा, ही तक्रार कुठल्या मंचात करू?