येते का आवाज?

...आणि वरून हे मलेच म्हणते, "तू नीट ऐकत काहून नाही वं?" आता तुमीच सांगा, अठ्ठावीस वर्षं झाली, या घरात माझ्याशिवाय दुसरं कोण ऐकून राहिलं? सासूबाईचं ऐकलं, नंदेचं ऐकलं, वरच्या टाकीतून पाणी सांडते का तेही मीच ऐकलं, आणि आता गुडघे बोलायले लागले तं म्हणते, गाडीच्या इंजिनचं ऐक.

आमचे हे म्हणजे आनंदराव. कळमन्याच्या बाजारात संत्र्याची अडत आहे यायची. वीस वर्षं जीप चालवली, गिअर टाकताना असा कडाड आवाज यायचा का गल्लीतले कुत्रे उठून बसायचे, पण तेव्हा काही तक्रार नव्हती. या दिवाळीले मोठी गाडी आली. काळी, लांब, बिना क्लचची, स्वतःचे गिअर स्वतःच टाकणारी. आमच्या फाटकात ती मावते, पण मावली का माझ्याकडचा दरवाजा उघडत नाही, म्हणून मी रस्त्यावरच उतरते आणि मागून पायी येते.

गाडी आली त्या दिवशी कळमन्यातले चार अडते पाहायले आले. तुमाले सांगते, बोनेटभोवती असे उभे होते जसं कोणाची नाडी पाहून राहिले. हे काचा खाली करून आत बसते, एक्सलेटर दाबते, आणि बाहेर ते चौघं डोळे मिटून माना हलवते. एक म्हणे, "काय भारी गुरगुरते गा, आनंदराव." मी चहाचा ट्रे घेऊन उभी. चहावर साय आली, पण मधात बोलायची माझी हिंमत नाही. गाणं चालू असल्यावर कोणी बोलते का?

मग तो अर्धा सेकंद सुरू झाला.

वर्धा रोडच्या पुलावर चढलो का हे पाय दाबते आणि मोजते. "पाह्य, दाबलं... आत्ता गेली. अर्धा सेकंद लागला. एवढ्या मोठ्या गाडीनं अर्धा सेकंद लावावा?" मी म्हटलं, लावला असन, चढ आहे. तं म्हणे, तुले त्यातलं समजत नाही. नसन समजत, बाप्पा. पण मी स्वयंपाकघरातून हाक मारते, जेवायले चला जी. पहिल्या हाकेले काहीच नाही. दुसऱ्या हाकेले "हं". तिसऱ्या हाकेले पेपरचं पान उलटते. चौथ्या हाकेले पाय हलते, तोवर भात निवला. तिथं कोणी मोजून राहिलं का?

आता माझ्या कानाचं सांगते. संक्रांतीच्या आठवड्यात एक दिवस सकाळी उठली तं उजवा कान बंद. जसा कोणी कापूस कोंबला. आणि आतमध्ये बारीक घूं... घूं... एकसारखं. मी यायले म्हटलं, "अहो, उजव्या कानानं काहीच येऊन नाही राहिलं." म्हणे, "मळ असन, तेल टाक." तेल टाकलं. घूं तसंच. म्हटलं, रामदासपेठेत कानाच्या डॉक्टरले दाखवू. म्हणे, "दाखवू नं, शनिवारी."

आणि शनिवारी काय झालं? शनिवारी आमी गाडीत बसलो. आता गाडीत मी डावीकडे, हे उजवीकडे, म्हणजे यायचं तोंड नेमकं माझ्या बंद कानाकडे. मागं बसते म्हटलं तं म्हणे, "मी काय तुझा ड्रायव्हर आहो?" तं हे काहीतरी बोलले. मी मान वळवून डावा कान पुढं केला. हे विचारून राहिले होते, "बारीक घूं असा... येते का आवाज?"

मले तं येतच होता. खोटं कशाले बोलू?

मी म्हटलं, "येते जी."

बस. गाडी डॉक्टरकडे जायची ती मिहानच्या रस्त्यावर वर्कशॉपकडे वळली.

वर्कशॉप म्हणजे काय सांगू तुमाले, आमच्या दवाखान्यापेक्षा थंड आणि आमच्या देवघरापेक्षा स्वच्छ. तिथं अंकित नावाचा पोरगा, इस्त्रीचा शर्ट. तपासून आला आणि म्हणे, "सर, गाडीत काहीच नाही." हे म्हणे, "काहीच नाही कसं? माझी बायको सांगून राहिली नं. तिले विचार."

थांबा, हे नीट ऐका. माझी बायको सांगून राहिली. चार लोकायपुढं. अठ्ठावीस वर्षांत यायनं माझा शब्द पहिल्यांदा पुराव्याले धरला होता. खरं सांगते, मले बरं वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं का अंकित, बेटा, हे घूं माझ्या कानातलंही असू शकते, घरी पण येते, देवापुढं पण येते. पण यायनं माझ्याकडं असं पाहिलं, म्हणे, "येते का आवाज?"

"येते जी."

चुकली मी. कबूल आहे. पण तुमी माझ्या जागी असत्या तं काय म्हटलं असतं?

मग काय, दर पंधरा दिवसाले शनिवारी वर्कशॉप, आणि डॉक्टर पुढच्या शनिवारी. एकदा अंकित गिअरबॉक्सचं समजावून सांगे. म्हणे, "सर, हा गिअरबॉक्स चालवणाऱ्याची सवय शिकते. तुमचा पाय कसा पडते, तुमाले काय पायजे, ते चार-दोन महिन्यांत ओळखते." मी कॉफीचा कप खाली ठेवला. चार-दोन महिन्यांत? बिना जिभेची वस्तू? आणि मी चहात साखर घेत नाही हे यायले अजून माहीत नाही, परवाच मले म्हणे, तुझ्या चहात दोन चमचे टाकू का.

एकदा तं त्या अंकितनं सगळंच सांगून टाकलं. म्हणे, "सर, जो दमदार आवाज आत येते, तो पूर्ण इंजिनचा नाही. तो स्पीकरमधून सोडते कंपनी. सेटिंगमध्ये बंद होते." तुमाले सांगते, यायचं तोंड पाहवलं नाही मले. कळमन्याचे चार अडते डोळ्यापुढं आले असतील. पण बंद नाही केला यायनं. म्हणे, "असू दे. बरा वाटते."

असं करता करता वैशाख लागला. शेवटी अंकितनंच एक दिवस मले एकटीले गाडीत बसवलं, काचा लावल्या, थोड्या वेळानं माझ्या डावीकडचं दार उघडून, वाकून मोठ्यानं विचारलं, "काकू, आत्ता येते का आवाज?"

"येते."

"काकू... इंजिन बंद आहे."

बाहेर हे उभे होते, दोघं मेकॅनिक उभे होते. आणि मग यायच्या तोंडावर असा उजेड पडला, असा उजेड, आमची पोरगी मयुरा झाली तेव्हाही एवढा नव्हता. म्हणे, "म्हणजे गाडीत काही नाही?"

नाही जी. गाडीत काही नाही.

सोमवारी रामदासपेठेत गेलो. काचेची खोली, कानावर मोठी मोठी यंत्रं, समोर खुशी नावाची पोरगी, मोठी गोड. म्हणे, काकू, आवाज आला का सांगायचं. मी सावरून बसली, पदर नीट केला. तिनं विचारलं, "येते का आवाज?"

"येते जी."

ती म्हणे, "काकू, मी अजून सुरूच नाही केलं."

मी हसली. ती नाही हसली.

मग डॉक्टरनं विचारलं, कधीपासून? म्हटलं, संक्रांतीपासून. त्यांचा पेन थांबला. म्हणे, पहिल्या आठ-दहा दिवसांत आल्या असत्या तं औषधानं बरंच परत यायची आशा होती. आता उजव्या कानाचं गेलं ते गेलं. डावा जपा. मी यायच्याकडं पाहिलं. हे माझी फाईल छातीशी धरून बसले होते, जसे गाडीचे कागद धरते तसे.

परत निघालो. यायनं गाडी सुरू केली, पडद्यावर बोट फिरवलं, आणि तो स्पीकरचा आवाज बंद केला. स्वतःहून. सहा महिन्यांत पहिल्यांदा. गाडीत इतकं शांत झालं का माझं घूंच तेवढं उरलं. पंचशील चौकात सिग्नल होता. हे समोर पाहत होते, आणि तसंच समोर पाहत काहीतरी बोलले. ओठ हलताना दिसले मले. त्याच बाजूनं, उजव्या.

काय बोलले असतील? चुकलं म्हणले असतील. नाहीतर म्हणले असतील का पाह्य, आता अर्धा सेकंदही लागत नाही. यायचं तोंड दोन्ही वेळेले सारखंच असते, मी कसं ओळखू? डावा कान पुढं करून पुन्हा विचारावं असं वाटलं एकदा. पण तुमीच सांगा, पुन्हा विचारलं असतं आणि बोलणं गिअरबॉक्सचंच निघालं असतं तं?

मी आपलं समोर पाहत म्हटलं, "येते जी."