काट्याला थंडी लागते

सुनयना : हात मागे काय लपवतेस आजी? दाखव.

कांता आजी : काही नाही गं. साखर लागलीय.

सुनयना : साखर नाहीये ती. फोड आलेत. दोन बोटांना. कधी भाजलं?

कांता आजी : आत्ताच भाजलं असेल. परातीपाशी बसले होते ना.

सुनयना : असेल म्हणजे? तुला कळलं नाही?

कांता आजी : नाही कळलं. बोटांची टोकं बधिर झालीत माझी, शुगरने. पाक परातीला धरायला लागला म्हणून खाली पाहिलं, तोवर कातडी पांढरी पडली होती.

सुनयना : आणि हे तू मला इतक्या शांतपणे सांगतेस. डॉक्टर काय म्हणाले होते? तुझी साधी जखम भरायला महिना लागतो. आम्ही झोपलेले बघून तू गुपचूप गॅसपाशी बसलीस?

कांता आजी : तू उठलेली असतीस तर बसू दिलं असतंस?

सुनयना : बिल्कुल नाही. हलव्याचे दागिने आपण ऑनलाइन मागवू. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळा सेट पुण्याहून येतो. रविवारच्या बोरन्हाणाआधी मिळेल. मी बघून ठेवलंय.

कांता आजी : मागव की. छान असतो तोही.

सुनयना : मग हे कशासाठी करत होतीस?

कांता आजी : तुझ्या बोरन्हाणाला मी केला होता. तुझ्या बाबाच्याही. आता तुझ्या लेकीचं, सुकन्याचं आहे, आणि मी घरात असताना तिच्या अंगावर विकतचा हलवा चढणार. मला ते जड जातंय, बाकी काही नाही. आण ती परात, घासून ठेवते.

सुनयना : परातीला हात लावू नकोस. राजवीर, फर्स्ट एडचा डबा आण ना जरा.

राजवीर : क्या हुआ? अरे, आजी, ये तो काफ़ी जल गया है. बसा इथे. मी क्रीम लावतो.

कांता आजी : तुम्ही नका लावू हो. जावयाने हाताला हात लावायचा म्हणजे...

राजवीर : जावई बाद में, आजी. आधी हात द्या. ये बना क्या रही थीं आप?

कांता आजी : हलवा. तुमचा गाजरवाला नव्हे. परातीत तीळ घ्यायचे, खाली मंद आच, आणि वरून साखरेचा पाक, अर्धा अर्धा चमचा. बोटांनी फिरवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा अर्धा चमचा. असं दोन-चार दिवस केलं की तिळावर साखरेचे काटे येतात.

राजवीर : काँटे? चीनी के?

कांता आजी : अंगभर. मग तो दोऱ्यात गुंफून बाळाचे दागिने करायचे. बाळाला काळं झबलं घालायचं, दागिने चढवायचे, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतायच्या. पोरं खाली पडलेलं वेचतात.

राजवीर : और काँटे आते कैसे हैं?

कांता आजी : ते मला माहीत नाही.

सुनयना : आजी, तुला माहीत नाही? आजोबा फौजेत असताना सगळ्या कँटॉन्मेंटमध्ये तुझा हलवा फेमस होता म्हणतात.

कांता आजी : म्हणून तर सांगते. कोणी विणतं, कोणी भरतकाम करतं, माझा नाद हा, थंडीतला. पण काटा कोण काढतं ते मला अजून समजलेलं नाही. तीळ गुळगुळीत, पाक गुळगुळीत, मी नुसती बोटं फिरवते. मग ते टोक येतं कुठून? दर वर्षी पहिला काटा दिसेपर्यंत मी परातीपासून हलत नाही, आणि दिसला की हात जोडावेसे वाटतात. कोणाला जोडायचे तेही कळत नाही.

सुनयना : हे तू कधी बोलली नाहीस.

कांता आजी : तू कधी थांबलीस गं ऐकायला? लग्नानंतर तुझ्या आजोबांनी मला पहिल्यांदा दिल्लीला आणलं, तेव्हाची गोष्ट. गावाकडे सासूबाईंच्या हाताखाली मी शिकले होते. तिकडचा काटा बारीक, बोट फिरवलं तर जाणवेल इतपत. इथे क्वार्टरच्या मागच्या अंगणात शेगडी घेऊन बसले. धुकं असं की दोरीवरचे कपडे दिसेनात. आणि परातीत हे भले मोठे काटे यायला लागले. मी घाबरले. वाटलं, पाकात काहीतरी पडलं. शेजारच्या सरदारणीला हाक मारली. ती शाल गुंडाळून आली, परातीत बघितलं आणि तिथेच खाली बसली. मग म्हणाली, बहनजी, ये तो बर्फ़ के फूल हैं.

राजवीर : सही कहा उन्होंने.

कांता आजी : मग दर वर्षी बायका यायच्या. केरळची एक होती, ती वेताचा मोढा टाकून बसायची आणि तासभर नुसती बघायची. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. तुझे आजोबा बॉर्डरवर जाताना मी पुडी दिली होती. त्यांनी खाल्ली नाही. शर्टाच्या खिशात ठेवून दिली. परत आले तेव्हा खिसा कडक झालेला, आत साखरेचा गोळा. चिडले मी. तर म्हणाले, काटे होते तोवर रोज हात लावून बघायचो.

सुनयना : आजोबा असं म्हणाले? ते तर कधी हसायचेही नाहीत.

कांता आजी : एकदा म्हणाले. पुरलं मला. पण आता ते माझ्या हातातून गेलं गं. बोटं भाजली त्याचं काही नाही. परवापासून करतेय. सगळं नेहमीसारखं, पाक तोच, आच तीच. एक काटा नाही. बोटांना कळत नाही ना, मग हलव्याला तरी कसं कळावं.

सुनयना : मी करते.

कांता आजी : तुझी मीटिंग आहे ना?

सुनयना : दुपारी आहे. तू इथे खुर्चीवर बस आणि सांग. हात मात्र मांडीवर.

कांता आजी : बरं. आधी पाक. दुधाचा थेंब टाक त्यात, म्हणजे मळी वर येईल.

सुनयना : मळी काय असते?

कांता आजी : साखरेतली घाण. फेसासारखी वर येते, ती काढून टाक. आता परातीत तळहात धर, वरच्या वर. कसं वाटतंय?

सुनयना : गरम. पण सहन होतंय.

कांता आजी : तेवढंच हवं. घाल अर्धा चमचा. आणि बोटं अशी, कोणाच्या केसांतून फिरवल्यासारखी. दाबू नकोस.

सुनयना : चिकटतायत सगळे एकमेकांना.

कांता आजी : सुटतील. धीर धर.

सुनयना : सुटले. अच्छा, आता पांढरे होतायत.

कांता आजी : घाल अजून.

सुनयना : आजी, बराच वेळ झाला. दाणे फुगले, पण गुळगुळीतच आहेत. गोट्यांसारखे.

कांता आजी : माझेही असेच झाले.

सुनयना : म्हणजे तुझ्या हातांचा दोष नाही. माझी बोटं चांगली आहेत, तरी होत नाहीये.

कांता आजी : तुझा पहिलाच दिवस आहे, तुझं सोड.

सुनयना : नाही, थांब. माझा पहिला दिवस म्हणून वेडावाकडा तरी यायला हवा होता ना, एखादा तरी? तू अंगणात करायचीस. धुक्यात. आत्ता तुला थंडी वाजतेय का?

कांता आजी : छे. या घरात कसली थंडी. स्वेटरही काढून ठेवलाय मी.

राजवीर : वो तो मैंने गरम हवा का ब्लोअर लगा रखा है, आजी. तुम्ही सकाळी लवकर उठता, म्हणून रात्रभर किचनकडे तोंड करून चालू ठेवतो. खिड़कियाँ भी टेप से बंद हैं, प्रदूषण की वजह से.

कांता आजी : रोज?

राजवीर : जब से आप आई हैं. कुछ गड़बड़ हो गई क्या?

कांता आजी : नाही हो. माझ्या पोटच्या मुलाने इतकी काळजी घेतली नाही कधी. पण काट्याला थंडी लागते, राजवीर. उबेत तो येत नाही. आणि मी तीन दिवस माझ्या हातांना बोल लावतेय.

सुनयना : बाल्कनीत जाऊया. छोटा सिलिंडर आहे आपला, पिकनिकचा.

कांता आजी : चल.

सुनयना : तू नाही. बाहेरची हवा बघितलीस? तुझ्या छातीला ती चालणार नाही. मी बाहेर बसते, तू काचेच्या आत. फोन स्पीकरवर ठेवू.

कांता आजी : मग मला दिसणार कसं?

सुनयना : नाही दिसणार. मी सांगीन.

(बाल्कनीचं काचेचं दार सरकतं आणि बंद होतं.)

राजवीर : आजी, ही सुकन्या घ्या. उठली. फोन इथे ठेवतो. बोला.

कांता आजी : सुनयना? ऐकू येतंय?

सुनयना : येतंय. बापरे, काय थंडी आहे. समोरचा टॉवर पूर्ण गायब झालाय.

कांता आजी : काचेवर वाफ धरलीय, मला तर तूही दिसत नाहीस. नुसता तुझा लाल स्वेटर. आच वाऱ्याने विझेल, आडोसा कर.

सुनयना : केला. घातला पाक. आजी, बोटांची वरची बाजू गार पडलीय आणि खालची गरम आहे.

कांता आजी : हां. तसंच. तसंच असायचं. बोलू नकोस आता, फिरवत राहा.

राजवीर : आजी, आप रो रही हैं?

कांता आजी : नाही हो. सुकन्याला खेळवतेय. सुनयना, सुकला पाक?

सुनयना : सुकला. पुन्हा घालते. ...आजी.

कांता आजी : काय गं?

सुनयना : काहीतरी होतंय.

कांता आजी : काय होतंय? नीट सांग.

सुनयना : दाण्यावर बारीक बारीक उठतंय. सगळीकडून. मी काहीच करत नाहीये आजी, मी नुसती बोटं फिरवतेय.

कांता आजी : हो.

सुनयना : हे आपोआप येतंय. माझ्या डोळ्यांसमोर. राजवीर, इकडे ये, तू बघ हे.

राजवीर : ओह. ये... ये कैसे...

कांता आजी : तुम्हीही बघतच राहिलात ना? सगळ्यांचं असंच होतं. मला एक दाणा आणून द्या हो.

राजवीर : घ्या. तळहातावर ठेवतो.

कांता आजी : हातावर नको. हाताला काय कळणार. तोंडात द्या.

सुनयना : आजी? काय झालं? बोल ना. आहे का काटा?

कांता आजी : आहे गं. जिभेला टोचला. अगदी अंगणातल्यासारखा. देवा रे. मला वाटलं होतं, हा आता मला कधी कळणार नाही.

सुनयना : आई गं.

कांता आजी : काय झालं?

सुनयना : काही नाही, परातीची कड लागली. चटका बसला बोटाला.

कांता आजी : कळला ना तुला?

सुनयना : हो. चांगलाच.

कांता आजी : मग ठीक आहे. पाक घाल. अर्धाच चमचा.