एकविसाव्या आठवड्याचं पाणी

पोलीस ठाणे, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे
दिनांक २३ मे २००३, शुक्रवार, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे

नाव कुंडलिक रखमाजी टेमकर, वय ६१ वर्षे, धंदा शेती, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार थोरला मळा, अवसरी बुद्रुकच्या शिवेवर, तालुका आंबेगाव.

मी समक्ष हजर राहून माझा जबाब माझ्याच हाताने लिहून देत आहे. हवालदारसाहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "गुरुजी, तुमी बोलायला लागलात की माझा हात पुरत नाय, तुमीच लिवा." हा जबाब ठाण्यासाठी आहे, तसाच थोरल्या विहिरीच्या सहा घरांसाठीही आहे. त्याची नक्कल घेऊन मी उद्या शाळेच्या पटांगणात ती मोठ्याने वाचणार आहे. त्या सहा घरांनो, आपली विहीर गेली, तिच्या बदल्यात मिळालेला आठवडा कपाटात पडून आहे, आणि आता आपल्यातल्याच एका बाईला चोर म्हटले जात आहे. हे गाऱ्हाणे तुमचे आणि माझे एकच आहे. म्हणून ठाण्याला सांगायचे ते तुमच्यादेखत सांगतो.

थोरली विहीर आठ घरांच्या सामाईक मालकीची होती. आठ दिवसांत प्रत्येक घराला एक दिवस पाणी, यालाच आम्ही पाळी म्हणतो. ज्याची पाळी, त्याची त्या दिवशी विहीर, मोटार आणि पाट. वीज गेली तर तेवढे तास पुढच्याने सोडायचे, हे कुठे लिहिलेले नव्हते, पण कधी मोडलेही नव्हते. पाळीची नोंद मात्र सातबाऱ्यावर इतर हक्कांत होती. सारजाबाई भिकाजी टेमकर, वय ६४, यांची पाळी पाचवी आणि माझी सातवी; आमची दोन सोडून उरलेली ती सहा घरे. त्या माझ्या चुलत भावाच्या पत्नी असून मी त्यांना वहिनी म्हणतो. बारा वर्षांपूर्वी भाऊ वारले, तेव्हापासून शेत त्याच बघतात.

सन २००० मध्ये मळ्याच्या वरच्या माळावर 'नवलनगर थीम पार्क अँड रिसॉर्ट' या नावाने बांधकाम सुरू झाले. घसरगुंड्या, लाटांचा तलाव, राहण्याच्या खोल्या असे त्याचे स्वरूप आहे. जानेवारी २००१ मध्ये कंपनीने आठ घरांपुढे प्रस्ताव ठेवला. विहीर व तिच्याभोवतीचा पट्टा कंपनीच्या नावे करावा, बदल्यात प्रत्येक घराला रिसॉर्टमधील दरवर्षीचा एक आठवडा नव्व्याण्णव वर्षे मिळेल. याला ते टाइमशेअर म्हणत होते. कालवा येणार असल्याने विहिरीला यापुढे कोण विचारतो, असे तेव्हा आम्ही सगळेच बोलत होतो. पुढे कालवा मळ्याच्या खालच्या अंगाने गेला. पाणी वर चढत नाही.

प्रस्ताव पारखून यायला आठ घरांनी मला नेमले. मी पुस्तके वाचतो आणि सभेत बोलतो, म्हणून. यंत्राची माहिती असलेला माणूस हवा म्हणून मंचरचे इस्माईलभाई, मोटार रिवायंडिंगचे दुकानदार, यांना मी बरोबर घेतले. रविवार दिनांक ११ फेब्रुवारी २००१ रोजी सकाळी दहा वाजता आम्ही आत गेलो. आमच्या गळ्यात हार घातले. पडद्यावर चित्रे दाखवली, नमुन्याची खोली दाखवली, जेवण दिले. खोलीत पलंगाच्या उशाशी फुलांच्या पाकळ्यांची नक्षी होती. मी त्या खोलीत जास्त वेळ थांबलो. इस्माईलभाई लाटा काढण्याच्या यंत्रापाशी जास्त वेळ थांबले.

परत येताना उतारावर ते म्हणाले, "गुरुजी, मशीन लई तहानलेलं हाय. टँकरवर नाय भागायचं त्याचं." मी म्हणालो, पाण्याचा मोबदला तर ते देतच आहेत. त्यावर त्यांनी विचारले, "तो आठवडा सातबाऱ्यावर कुठं बसंल?" मी त्यांना उत्तर दिले की मोटारी तुम्ही गुंडाळा, कायदा माझ्याकडे राहू द्या.

मला तेव्हा काय वाटत होते ते लिहितो, कारण पुढचे त्यातून आले. आमच्या डोक्यावर शहराची करमणूक उभी राहणार आणि आमची मुले फाटकावर वॉचमनची शिट्टी घेऊन उभी राहणार, हे मला सहन होत नव्हते. ज्या माळावर आपण गुरे चारली, तिथे आपण चौकीदार म्हणून का जावे? मालक म्हणून का जाऊ नये? मी तसे मानत होतो, आजही मानतो. पण मानणे आणि तपासणे ही दोन कामे आहेत, आणि मला तपासायला पाठवले होते.

शुक्रवार दिनांक १६ फेब्रुवारी २००१ रोजी सायंकाळी पाच वाजता शाळेच्या पटांगणात सभा झाली. आठही घरे हजर होती. मी पाऊण तास बोललो. टाइमशेअर म्हणजे काय, हे कोणालाच कळेना, तेव्हा मी म्हणालो, "अहो, ही पाळीच आहे. आपण चार पिढ्या हेच करत आलो. आपली आठ दिवसांतली एक पाळी, त्यांची वर्षातली आठ दिवसांची पाळी. साहेबाने नुसते नाव बदलले." टाळ्या पडल्या. तोवर गप्प असलेल्या लोकांचे चेहरे मोकळे झाले. मला माझा दाखला आवडला.

सारजाबाई बायकांच्या रांगेत मागे बसल्या होत्या. त्यांनी उभे राहून विचारले, "गुरुजी, म्हंजी त्या आठ दिसात तितलं पाणीबी आपलं?"

मी उत्तर दिले, "सगळं आपलं, वहिनी. पाणीसुद्धा."

लोक हसले. सारजाबाई हसल्या नाहीत. मान हलवून खाली बसल्या. माझे हे वाक्य शब्दशः असेच आहे.

मार्च महिन्यात कागद झाले. प्रत्येक कागद चौदा पानांचा, इंग्रजीत. त्यातली तीन पाने मी वाचली. बाकीची सारखीच असतील असे समजलो. शेवटच्या पानावर मराठीत एक ओळ होती, "वरील मजकूर वाचून मराठीत समजावून सांगितला." त्याखाली मी सही केली. आठ कागदांवर आठ सह्या केल्या. काल पहिल्यांदा मी चौदाही पाने वाचली. आठव्या पानावर लिहिले आहे की हा मालकी हक्क नसून खोली वापरण्याची परवानगी आहे आणि तीही जागा उपलब्ध असल्यास. अकराव्या पानावर लिहिले आहे की आठवडा म्हणजे सहा रात्री व सात दिवस. पाणी हा शब्द चौदा पानांत एकदाच आहे, पिण्याच्या पाण्याबाबत.

सारजाबाईंना आठवडा क्रमांक २१, म्हणजे मे महिन्यातला, मिळाला. सन २००१ मध्ये त्यांना काम अपुरे आहे म्हणून सांगितले. सन २००२ मध्ये खोल्या भरल्या आहेत म्हणून सांगितले. दोन्ही वेळा त्या माझ्याकडे आल्या होत्या. पुढच्या वर्षी नक्की मिळेल, असे मी दोन्ही वेळा सांगितले. यंदा पाऊस नव्हता. त्यांच्या दोन एकरांत मका आणि घास उभा होता, दावणीला दोन गायी. एप्रिलनंतर मला त्या रस्त्यात भेटल्या तर मी दुसऱ्या विषयावर बोलत असे.

सोमवार दिनांक १९ मे २००३ रोजी सकाळी अकरा वाजता त्या नातीसह, वृषालीसह, रिसॉर्टमध्ये गेल्या. त्यांना खोलीची चावी रीतसर देण्यात आली. वृषाली सांगते की आजी पलंगावर बसलीच नाही. दुपारी चार वाजता आजी मागच्या वाटेने विहिरीवर गेली, मोटार चालू केली आणि तलावाकडचा कॉक बंद करून जुन्या पाटाकडचा उघडला. मग खोरे घेऊन शेतात बारे द्यायला, म्हणजे पिकाला पाणी धरायला, गेली. मंगळवारी आणि बुधवारी तिने तेच केले. कंपनीच्या टाकीत साठा असल्याने तिसऱ्या दिवसापर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. बुधवारी दुपारी पाहुणे तलावात उभे असताना लाटा थांबल्या.

व्यवस्थापक पाटाच्या कडेने शेतात आले, तेव्हा मी तिथे होतो. मी पाणी पाहायला गेलो होतो. पाट दोन वर्षांनी वाहत होता. व्यवस्थापकांनी विचारले, आजी, हे काय करताय. त्या म्हणाल्या, "पाळी हाये माजी. रविवारपातूर." व्यवस्थापकांनी समजावले की तुमचा आठवडा खोलीचा आहे, विहिरीचा नाही. त्यावर सारजाबाईंनी खोरे खाली ठेवले आणि म्हणाल्या, "खोलीत काय पेरू, भाऊ?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, सांगा की ह्यांला."

मी काहीही सांगितले नाही. व्यवस्थापक माझ्याकडे पाहत होते, त्याही पाहत होत्या. मी साधारण दोन मिनिटे उभा राहिलो आणि घरी गेलो.

कंपनीच्या फिर्यादीत मोटारघराचे कुलूप तोडून पाण्याची चोरी केली, असे म्हटले आहे. कुलूप तोडलेले नाही. ते पाळीकऱ्यांचे जुनेच कुलूप आहे, कंपनीने बदलले नव्हते. त्याच्या आठ किल्ल्या होत्या, आठ घरांकडे. कोणी परत मागितल्या नाहीत. माझ्याकडची किल्ली या जबाबासोबत हजर करत आहे. ती लावून खात्री करावी.

काल दिनांक २२ मे रोजी सायंकाळी साडेपाच वाजता कंपनीचे वकील माझ्या घरी आले. त्यांनी टाइप केलेला जबाब आणला होता. खोली वापरण्यापलीकडे कोणताही हक्क नाही, हे मी सारजाबाईंना स्पष्ट समजावून सांगितले होते आणि त्यांना ते समजले होते, असे त्यात आहे. समजावणारा म्हणून तुमची सही आहेच, असे ते म्हणाले. नाही म्हटले तर खोटा दाखला दिल्याबद्दल तुम्हीच अडकाल, असेही नम्रपणे म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि कागद ठेवून घेतला. सही केली नाही. फाडलाही नाही. तो कागद यासोबत जोडला आहे.

त्यानंतर मी भिमाजी टेमकर, पाळी सहावी, यांच्याकडे गेलो. सभेतले माझे वाक्य आठवते का, असे विचारले. ते म्हणाले, "आटवतंय की. सगळ्यांना आटवतंय. पण माजा पोरगा फाटकावं नोकरीला हाये. बोलायची सवय तुमाला गुरुजी, भोगायची आमाला." मी त्यांना दोष देत नाही. बाकीच्या पाच घरांनी दार उघडले, पाणी विचारले आणि विषय काढू दिला नाही.

माझे म्हणणे असे आहे की सारजाबाईंनी चोरी केलेली नाही. आठ घरांच्या वतीने पारख करणाऱ्या माणसाने त्यांना जे सांगितले, ते त्यांनी खरे मानले आणि त्याप्रमाणे वागल्या. पाणी तुमचे आहे, हे मी सांगितले. न वाचता सही मी केली. या प्रकरणी चौकशी करायची तर आधी माझी करावी.

सारजाबाई आत्ता बाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. सोमवारी त्यांना कोर्टात हजर व्हायचे आहे. मी आत येताना त्यांनी मला, मका कितपत ओला झाला, एवढेच विचारले. निम्मा, असे मी सांगितले.

सहा घरांनो, एकट्या माझ्या जबाबाने भागणार नाही. मी नात्यातला आहे आणि स्वतःच्या सहीत अडकलेला आहे, असे कोर्टात म्हटले जाईल. त्या दिवशी पटांगणात तुम्ही हसला होतात, म्हणजे तुम्ही ऐकले होते. नोकरी जाईल ही भीती खरी आहे, ती मी भाषणाने घालवू शकत नाही. मला विहीर परत मागायची नाही, आठवडेही नकोत. येत्या रविवारी सायंकाळी पाचच्या आत प्रत्येक घरातून एकाने या ठाण्यात यावे आणि माझे ते वाक्य, जसे ऐकले तसे, आपल्या जबाबात लिहून द्यावे.

हा जबाब लिहून झाल्यावर ठाणे अंमलदारांनी तो सुरुवातीपासून अखेरपर्यंत मला वाचून दाखवला. माझ्या विनंतीवरून दार उघडे ठेवून वाचला, म्हणजे बाहेर बाकावर ऐकू जावा. एकही ओळ गाळली नाही. माझ्या म्हणण्याप्रमाणे तो बरोबर आहे, आणि यावेळी खाली काय लिहिले आहे ते माहीत असून सही करत आहे.

कुंडलिक रखमाजी टेमकर
समक्ष: ठाणे अंमलदार