वाळूतली अंडी

जनावरांच्या दवाखान्यात कोंबडी मांडीवर घेऊन म्हातारी बसली होती. शेजारी सासू आणि सून, सुनेच्या मांडीवर वाळूचा डबा. वाळूत कासवाची अंडी. म्हातारीचे कान तिकडेच लागले.

"एकही फुटलं नाही अजून, आई."

"फुटतील गं. तू कामावर गेलीस की मी रोज उलटीपालटी करतेच आहे."

"काय करता?"

"अंडी फिरवते. एका अंगावर राहिली तर पिल्लू कवचाला चिकटतं. कोंबडीसुद्धा चोचीनं तेच करते. खुराडी सांभाळण्यात जन्म गेला माझा. पुस्तकं वाचून कुणी अंडी उबवलीत का?"

"अहो, कासवीण अंडी पुरते आणि निघून जाते! आतला जीव वरच्या अंगाला चिकटूनच वाढतो. अंडं उलटलं की गुदमरतो तो. म्हणून तर प्रत्येकावर पेन्सिलीची खूण केली होती मी."

"ती होय? मी पुसली. म्हटलं, पोरांनी रेघोट्या मारल्या."

"आई! सगळी फिरवलीत?"

"तळाच्या थरापर्यंत बोटं पोचत नव्हती माझी."

म्हातारीनं कोंबडी पोटाशी घट्ट धरली. आतून डॉक्टरांनी हाक मारली.

"आई, मला ओढणी सावरू द्या. घ्या जरा डबा."

"नको. तूच धर, बाई. मी आता हात नाही लावायची."