आधी स्वतःचे खिसे

डोळ्यांच्या दवाखान्यात टीव्हीवर युद्धाची चर्चा तावातावानं चालली होती. माझ्या पुढच्या बाकावर एक गृहस्थ आणि शेजारी एक काकू.

"काकू, माझं टोकन इथंच ठेवलं होतं. तुम्ही उचललंत का?"

"मी कशाला उचलू? माझं आहे की माझ्याकडे."

"मग लांबवलं कुणीतरी. जगच असं झालंय. पलीकडच्या देशाचं बघा. बॉम्ब लपवायचे आणि वर साळसूदपणे दारं उघडून दाखवायची. सरळ हल्ला करायला हवा!"

"पण तपासणीत काही सापडलं नाही म्हणे."

"सापडत नाही म्हणजेच लपवलंय! आणि तपासणी पथकातली ती उद्धट बाई पाहिलीत? भर सभेत आपल्याच मंत्र्यांना म्हणाली, हल्ल्याआधी आपलीही शस्त्रांची कोठारं उघडून दाखवा."

"पाहिली ना. माझी धाकटी ती."

"तुमची मुलगी?"

"हो. एकदा ह्यांचं घड्याळ हरवलं, तर थोरल्यावर आळ घेऊन हात उगारला. ही एवढीशी मध्ये उभी राहिली. म्हणाली, बाबा, आधी तुमचे खिसे दाखवा. तिथंच निघालं! तेव्हापासून आमच्या घरात नियमच आहे. आळ घेणाऱ्यानं आधी स्वतःचे खिसे उलटे करायचे."

"पण तिला पथकातून काढलं ना?"

"काढलं. आज घरी येतेय. म्हणून तर नवा चष्मा न्यायला आलेय. विमानातून ताठ मानेनं उतरेल, ती लांबूनच दिसायला हवी मला."

आतून गृहस्थांचं नाव पुकारलं गेलं.

"आलो, आलो! पण माझं टोकन…"

"भाऊ, नियम सांगितला ना मी?"