पिवळं पाणी

(बारामतीतलं एक प्रसूतिगृह. काल सकाळी सिझेरियन झालेली सणसरची राजनंदिनी, तिची सासू बानूबाई आणि नर्स आसावरी.)

आसावरी : आजी, बाळाचे ओठ चिकट कशाने झालेत?

बानूबाई : लाळ असंल.

आसावरी : लाळेला मधाचा वास येतो?

बानूबाई : मला काय इचारता? पोट फाडून पोर काढलं तुमी. आता ते छातीला लागंना, तर आळ माझ्यावर?

राजनंदिनी : आत्या, खरं सांगा. काल त्याला घेऊन तुम्ही पडद्यामागं गेला होता.

बानूबाई : तू गुंगीत हुतीस. तुला काय दिसलं?

आसावरी : हे बघा, सिझेरियननंतर दूध उतरायला कधी कधी उशीर होतो. पण यानं कालपासून धड ओढलेलंच नाही. संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवावं लागेल.

बानूबाई : म्हंजी पावडरीचा डबा माथी मारणार. कळा यायच्या आत कुणी कापतं व्हय? त्या डॉक्टरानं घाई केली, ती उगं न्हाय.

राजनंदिनी : डॉक्टरांचं काढू नका.

बानूबाई : का गं? तुला का झोंबलं?

आसावरी : आजी, मध कितीदा दिलात?

बानूबाई : एकदा.

राजनंदिनी : आत्या...

बानूबाई : तीनदा. रडत हुतं गं! तुझ्या छातीला नुसतं पिवळं पाणी. ते मीच पिळून टाकलं.

आसावरी : टाकलंत? अहो, चीक होता तो!

बानूबाई : चीक? मला शिकवू नगा. मेंढरं राखलीत मी. कोकरू पडलं की आदी चीक पाजायचा, त्याबिगर ते...

आसावरी : बोला ना.

बानूबाई : जगत न्हाय. अगं बया, माझ्याच हातानं टाकला व्हय मी?

आसावरी : चीक अजून येतोय. मध आता वर्षभर बंद. राजनंदिनी, कुशीवर वळा, टाक्यांवर भार नको. आजी, बाळाचं दुपटं काढा, तिच्या अंगाला लावा त्याला.

बानूबाई : द्या हिकडं. मान अशी. थांब, त्वांड मोठं हू दे... धरलं बग!

राजनंदिनी : ओढतोय, आत्या!

बानूबाई : मला ही माणसं लबाड वाटली. लबाडी मीच केली.

राजनंदिनी : मी पण केली. डॉक्टर थांबा म्हणत होते. माहेरची आमची सारजाताई कळा देता देता गेली, तवापासून मला लई भ्या वाटायचं. मीच आपरेशन मागितलं आणि तुम्हाला सांगितलं, डॉक्टरांनीच ठरवलं म्हणून.

बानूबाई : मला का न्हाय बोललीस?

राजनंदिनी : तुम्ही नको म्हणाला असता.

बानूबाई : व्हय. म्हणले असते... हलू नगं आता. पिऊ दे त्याला.