मी माकड म्हटलंच नव्हतं

...नाही, पण मी माकड म्हटलंच नव्हतं! आधी एवढं ऐकून घ्या, मग काय हसायचं ते हसा. सव्वीस वर्षं विज्ञान शिकवतोय मी, इथंच गोव्यात, कारापूरच्या बाजूला. अनंत सर म्हटलं की पाववाला पदेरसुद्धा सायकल थांबवून कडक पाव निवडून द्यायचा. द्यायचा! आता पों पों करत दारावरनं सरळ पुढे जातो. का? तर म्हणे, मास्तराने लोकांना माकड म्हटलं!

तुम्हाला सांगतो, सुरुवात झाली मोरजीच्या किनाऱ्यावर. दहावीची सहल. कासवांची अंडी राखतात तिथला माणूस सांगत होता, एक कासवीण शंभरेक अंडी घालते, पण हजार पिल्लांतलं जेमतेम एखादं मोठं होतं. सगळी पोरं सेल्फी काढण्यात दंग, आणि ही एक तेजस्विनी मला विचारते, "सर, मग जे जगतं ते कशामुळे जगतं?"

आता बोला! सव्वीस वर्षांत पोरांनी मला काय विचारलंय? "सर, हे परीक्षेला आहे?" बस्स! आणि ही विचारते, जगतं कशामुळे! आणि नेमका तोच धडा पुस्तकातून काढलेला. उत्क्रांतीचा. मुलांवरचा भार हलका करायला म्हणे. मग गप्प बसावं ना माणसानं? पगार वेळेवर येतोय, निवृत्ती जवळ आलीय, गुडघे कुरकुरतायत... पण नाही! शनिवारी शाळा सुटल्यावर जादा वर्ग घेतला. सात जण आले. त्यातले चार बसची वाट बघत होते.

म्हटलं, हात पुढे करा. दंडात एक हाड, पुढे दोन, मग मनगटातली बारकी, मग बोटं. आता मांजराचा पाय घ्या, वटवाघळाचा पंख घ्या, देवमाशाचा पर घ्या, तुमच्या त्या मोरजीच्या कासवाचं वल्हं घ्या... एक, दोन, बारकी, बोटं! एकाला पळायचंय, एकाला उडायचंय, एकाला पोहायचंय, मग आतली मांडणी सारखी कशाला? कारण फार फार मागे गेलं की सगळ्यांचा पूर्वज एक. पिल्लापिल्लांत थोडा फरक असतो, ज्याचा फरक कामाला येतो ते तगतं, त्याला पिल्लं होतात, तो फरक पुढे जातो. असं लाखो पिढ्या. आणि माकड आपला आजोबा नव्हे रे, चुलत भाऊ! पणजोबा एक, घरं वेगळी. आता यात मी... बरं, शब्द उच्चारला. पण तसं माकड म्हटलंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी रविवार. तेजस्विनीचा बाप भिकाजी, मूळचा बांद्याकडचा, खाणीवरचा टिपर ट्रकचा ड्रायव्हर, जेवायला बसलेला. तिची आई सुलोचना, तिनं सकाळपासून खोबरं भाजून, मसाला वाटून कोंबडीची शागुती केलेली. भिकाजीनं पंखाचा तुकडा तोंडाशी नेला, आणि पोरगी ओरडली, "पप्पा, थांबा! हे बघा, एक हाड, मग दोन, हे बोटांचे तुकडे... डिट्टो तुमचा हात! कोंबडी आपली लांबची नातेवाईक!"

भिकाजीनं तुकडा खाली ठेवला. रविवारची शागुती टोपात तशीच राहिली हो! गोव्यात माणूस बाकी काहीही माफ करेल...

सोमवारी सकाळी पदेराकडे बातमी, "मास्तर म्हणता माणूस माकडाचो." न्हाव्याकडे पोचेपर्यंत, "मास्तर म्हणता भिकाजी माकड." आणि बाजारात दुपारपर्यंत, "मास्तरान देवळाच्या कमिटीक माकड म्हटले!" अहो, कमिटीचं नाव कुणी घेतलं होतं? जिथं पुरावा नाही तिथं मी बोलतच नाही!

सभा लागली. पालक, मुख्याध्यापिका विमलाबाई, आणि आमच्या शाळेचे चेअरमन गुरुदासशेट, जे आदल्या आठवड्यात स्कूटरवरनं बुडावर आपटले होते, म्हणून मध्ये भोक असलेल्या गोल उशीवर टेकलेले. मी म्हटलं, मंडळी, पुरावे देतो. डासांच्या औषधाने पूर्वी डास पटापट मरायचे ना? आता मरतात? "खंय मरतात!" सगळे एका सुरात. मग? जे थोडे मुळात चिवट होते तेवढे वाचले, त्यांचीच पिलावळ वाढली, तेच आज तुम्हाला चावतायत! माना डोलल्या. मला चेव आला. म्हटलं, चेअरमनसाहेब, तुम्हाला दुखतंय तेच बघा की, माकडहाड...

संपलं. सभेत मी माकड म्हटलं!

"म्हणजे, म्हाका शेंपडी आसा?" गुरुदासशेट उशीवरनं अर्धे उठले. "होती हो, पूर्वजांना! आता तिचं मूळ तेवढं उरलंय, तेच दुखतंय!" विमलाबाईंनी कागद पुढे सरकवला. "सर, पुरावे राहू देत. सही करा." पुस्तकाबाहेरचं शिकवणार नाही, असं लिहिलेलं. आणि मी सही केली. हो, केली! घरी जाऊन आरशात बघवेना, पण केली.

जूनमध्ये तेजस्विनी आली. विज्ञानात ब्याण्णव. "सर, पप्पा म्हणतात कॉमर्स घे. तिथं हाडं नसतात." तडक तिच्या घरी गेलो. म्हटलं, भिकाजी, राग माझ्यावर काढ, पोरीवर नको. मी माकड म्हटलंच नव्हतं!

भिकाजीनं खुर्ची दिली. सुलोचनानं चहा ठेवला. अंगणात त्याचा टिपर उभा, खाण बंद झाल्यापासून हललेला नाही, चाकांवरनं वेल चढलेले.

"मास्तरानू, माकडाचा माका काय वाटणा नाय. माकड म्हणा, कोंबडो म्हणा. पण तुमी शिकवलास, जो बदलता तो जगता. खरा मा?"

मी सवयीनं दुरुस्त केलं. म्हटलं, तसं नव्हे. एकटा जीव आयुष्यभर जसा असतो तसाच राहतो. बदलत जाते ती पिढी.

त्यानं टिपरकडे बोट केलं. "मगे माझा संपला. वीस वर्सा ह्या एकच शिकलंय, खाणीची माती वोढूची. दुसरा काय येणा नाय. पण पिढी बदलता मा? मगे बदलांदे. बँकेत बसांदे. हाडा बघून ह्या घराक कोण जगवतलो?"

दारात तेजस्विनी उभी. माझ्याकडे बघतेय, सर आता काहीतरी बोलतील... मी चहा संपवला. उठलो.

सव्वीस वर्षांत तो धडा कुणाला पुरता कळला असेल तर त्या एका भिकाजीला. आणि कळल्याबरोबर त्यानं माझी एकुलती एक विद्यार्थिनी कॉमर्सला घातली!